मे महिन्यातला हिमालयाचा बर्फ: कोल्हापूरहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातून हिमालयात ट्रेकला जाणारी बहुतेक मंडळी मे महिन्यात, फार तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जातात. कारण उघड आहे. पोरांना सुट्टी असते, ऑफिसात रजा मिळते आणि इथं ऊन नुसतं भाजत असतं. पण हिमालयात हा हंगाम संपायचा नव्हे, सुरू व्हायचा काळ असतो. साडेतीन हजार मीटरच्या वर हिवाळ्यात साचलेला बर्फ अजून वाटेवरच असतो, नाले फुगायला लागलेले असतात, खिंडी नुकत्याच उघडलेल्या असतात किंवा उघडायच्या असतात. ज्या हिरव्यागार कुरणांचे फोटो बघून आपण बेत ठरवतो, ती कुरणं जुलै-ऑगस्टची असतात.

सह्याद्रीत फिरून तयार झालेल्या माणसाला दमाची अडचण फारशी येत नाही. भर पावसात चिखल तुडवत पन्हाळा ते पावनखिंड करणारा गडी चार हजार मीटरवरही चालतो, जरा हळू चालतो एवढंच. चूक होते ती वेळेच्या हिशोबात. आपल्याकडं निघायला उशीर झाला तर ऊन लागतं, परतताना अंधार होतो, पण वाट तीच राहते. बर्फात सकाळी सहाला जी वाट असते ती दुपारी दोनला नसते. सकाळी ज्या उतारावरून बूट वाजवत गेलात, तिथंच दुपारी मांडीपर्यंत रुतता. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की कपडे, बूट, मुक्काम, जेवण सगळं तिच्यामागून ठरत जातं.

वाट निवडताना

पहिल्या वेळी वाट रुळलेली असावी, रोज कुणी ना कुणी जाणारं असावं आणि बर्फाचा टप्पा एका दिवसापुरता असावा. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात रजा काढता येत असेल तर उत्तरकाशी जिल्ह्यातला केदारकंठा चांगला. सांकरी गावातून चढायचं, माथा साधारण १२,५०० फुटांवर, आणि वरच्या भागात तेव्हा बर्फ मिळतो. मे महिनाच मोकळा असेल तर हिमाचलच्या पार्वती खोऱ्यातला सर पास घ्यावा. उंची सुमारे १३,८०० फूट. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचा कसोलहून निघणारा ट्रेक याच काळात असतो आणि आपल्या भागातली कितीतरी माणसं आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवतात ती तिथंच. मनालीजवळचा हामटा पास १४,००० फुटांचा. तो जूनमध्ये उघडतो आणि सुरुवातीच्या तुकड्यांना 'बालू का घेरा' या मुक्कामाच्या पुढं खिंडीपर्यंत बर्फच बर्फ लागतो.

रुपिन पास पहिल्यांदा नको, असं माझं स्पष्ट मत आहे. १५,२५० फूट उंची हा एक भाग झाला. खिंडीच्या खालची शेवटची घळ उभी आहे, ती हंगामाच्या सुरुवातीला बर्फानं भरलेली असते आणि तिथं घसरायला जागा फार असते. आधी एखादी सोपी बर्फाची वाट करा, मग तिकडं बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांना बर्फ दाखवायचा असेल तर हेमकुंड साहिबची यात्रा आहे. दरवाजे उघडायच्या वेळी तिथं लष्कराचे जवान बर्फ कापून वाट मोकळी करतात. उंची मात्र चार हजार मीटरच्या वरच आहे, हे विसरू नये. आणि रूपकुंडचं नाव अजून कुणी घेत असेल तर त्याला सांगा, २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर, म्हणजे डोंगरावरच्या उंच कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला, तेव्हापासून ती वाट यादीतून गेली.

मित्रामित्रांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढायचा, मोबाईलमध्ये नकाशा घ्यायचा आणि गाईडशिवाय निघायचं, हा प्रकार सह्याद्रीत खपतो. जूनच्या आधी हिमालयात तो करू नये. खुणेचे दगड आणि झाडावरचे रंगाचे पट्टे बर्फाखाली गेलेले असतात. कुणाच्या तरी पावलांचे ठसे दिसतात, पण ते कुणाचे, कधीचे आणि तो माणूस बरोबर गेला होता की चुकला होता, हे ठसे सांगत नाहीत. त्या खोऱ्यातलाच गाईड घ्या. गेल्या आठवड्यात कुठला नाला फुटला, कुठल्या घळीत बर्फ खाली आला, हे त्यालाच माहीत असतं.

कोल्हापुरात करायची तयारी

बर्फाची सवय इथं होणार नाही. आपला आणि बर्फाचा संबंध खाऊ गल्लीतल्या गोळ्यापुरता. पण पाय तयार करता येतात, आणि त्याला निदान अडीच-तीन महिने द्यावेत.

रंकाळ्याच्या फेऱ्या चांगल्या, पण तेवढ्यानं भागत नाही. ती वाट सपाट आहे. आठवड्यातून दोनदा चढ हवा: जोतिबाच्या पायऱ्या, पायथ्यापासून पन्हाळा, शहराबाहेर जायला जमत नसेल तर टेंबलाईची टेकडी परत परत. पाठीवर आधी पाच किलो, मग वाढवत आठ-दहा किलो. जास्त लक्ष उतरण्यावर द्या. बर्फाच्या उतारावर मांडीचा पुढचा स्नायू तासन् तास ब्रेक लावत असतो आणि ट्रेक झाल्यावर जी मांडी धरते ती चढल्यामुळं नव्हे, उतरल्यामुळं धरते. म्हणून जोतिबा चढून रिक्षानं खाली यायचं नाही, वजन घेऊन चालतच उतरायचं. रविवारी मसाई पठारावर पाच-सहा तासांची लांब चाल ठेवली की पाय, बूट आणि पाठपिशवी या तिघांचीही परीक्षा होते.

घोट्याचा व्यायाम लोक विसरतात. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, मग डोळे मिटून तेच करायचं. बर्फावर प्रत्येक पाऊल थोडं थोडं सरकत असतं आणि तो तोल घोटाच सांभाळतो. तालमीत जाणाऱ्या पोरांचा घोटा तसाही मजबूत असतो. त्यांना वेगळंच सांगावं लागतं: जोर कमी, श्वास जास्त. वरच्या हवेत ताकदवान माणूस हमखास जोरात सुटतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो.

काय घ्यायचं, काय भाड्यानं मिळतं

बुटापासून सुरू करू. सह्याद्रीत सगळ्यांच्या पायात दिसणारे स्वस्त काळे ट्रेकिंगचे बूट पावसात चालतात, कारण पावसात पाय भिजला तरी गारठत नाही. बर्फात भिजलेला पाय तासाभरात बधिर होतो. घोट्याच्या वर येणारा, जलरोधक आणि तळ कडक असलेला बूट हवा. अंगठ्यानं तळ सहज वाकत असेल तर तो बर्फात पायरी करू शकणार नाही. संध्याकाळी, जाड लोकरी मोजा घालून माप घ्या, कारण तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. बोटं पुढं टेकली तर उतरताना नखं काळी पडतात. नवा बूट थेट डोंगरात नेऊ नका. आधी महिनाभर महाद्वार रोडवर भाजी आणायलासुद्धा तोच घालून जा. लोक बघतील, बघू द्या.

गेटर म्हणजे बुटाच्या तोंडापासून गुडघ्याखालपर्यंतचं वेष्टन. ते नसेल तर रुतलेल्या प्रत्येक पावलाला मूठभर बर्फ बुटात जातो. मायक्रोस्पाइक्स म्हणजे रबरी पट्ट्याला जोडलेल्या साखळ्या आणि छोटे खिळे. ते बुटावर ओढून बसवायचे आणि पहाटेच्या कडक बर्फावर वापरायचे. दोन्ही वस्तू बेस कॅम्पच्या गावात भाड्यानं मिळतात. पहिल्या ट्रेकसाठी विकत घेऊ नयेत. भाड्यानं घेताना प्रत्येक साखळीची कडी हातानं ओढून बघा आणि रबराला चीर नाही ना ते तपासा. मोठे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लांब लोखंडी दाते) आणि आइस अॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) या वाटांवर गाईडकडं असले तरी पुरतात. वापरायला न शिकता हातात घेतलेली कुऱ्हाड आपल्यालाच लागायची शक्यता जास्त.

काठ्या दोन घ्या. टोकाच्या वर प्लॅस्टिकची रुंद चकती असेल अशाच घ्या, नाहीतर काठी मुठीपर्यंत आत जाते.

कपड्यांत सुती काही नको. जीन्स तर नकोच नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच घाम अंगावर गार होतो. आत पटकन वाळणारा पातळ थर, त्यावर फ्लीस, वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट, आणि थांबल्यावर अंगावर चढवायला पिसांचं किंवा भरावाचं गरम जॅकेट. चालताना थोडं गार वाटलं पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येणार. हातमोज्यांचे दोन जोड घ्या. एक भिजतोच.

चष्म्यावर पैसे वाचवू नका. नव्या बर्फावरून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परततात आणि दर हजार मीटरला त्यांची तीव्रता साधारण १० टक्के वाढते. यूव्ही ४०० असं लिहिलेला, बाजूनं बंद असणारा चष्मा हवा. रस्त्यावर मिळणारा नुसता काळा चष्मा उलट वाईट, कारण अंधारामुळं बाहुली मोठी होते आणि किरण अडवले जात नाहीत. डोळे जळायला लागतात ते सहा-बारा तासांनी, म्हणजे रात्री तंबूत. तेव्हा वेळ गेलेली असते. ढग असले तरी चष्मा काढायचा नाही.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. चिक्की, खजूर, शेंगदाण्याचे लाडू, गुळाचे खडे खिशात असावेत, पाठपिशवीत नव्हे. पिशवी उघडायचा कंटाळा येतो आणि माणूस उपाशी चालत राहतो. भडंग नेऊ नका, जागा खातं आणि सादळतं. लसणाच्या सुक्या चटणीची एक डबी मात्र न्याच. उंचीवर भूक मरते, डाळ-भात घशाखाली उतरत नाही, तेव्हा ती चटणीच दोन घास जास्त जेवू घालते.

तारखा, गाडी, हवामान

कोल्हापूरहून निजामुद्दीनला आठवड्यातून एक थेट गाडी आहे. ती जमली नाही तर मिरजेतून गोवा एक्स्प्रेस. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळं मेच्या तिकिटासाठी मार्चमध्येच घड्याळ लावून बसावं लागतं. परतीच्या तिकिटाला मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. हा सल्ला प्रवासाच्या सोयीसाठी नाही. परतीची गाडी चुकेल या धास्तीनं माणसं खराब हवेत खिंड ओलांडायचा हट्ट धरतात, म्हणून सांगतो.

मे महिन्यातही पश्चिमी विक्षोभ येतात. भूमध्य समुद्राकडून येणारा हा पट्टा खाली पाऊस देतो आणि वर नवा बर्फ टाकतो. निघायच्या आधी पाच दिवस हवामान खात्याचे त्या राज्याचे अंदाज रोज बघा. हिमस्खलनाचे इशारे चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था देते, तेही बघा. नवा बर्फ पडल्यावर पहिले एक-दोन दिवस उभ्या उतारांपासून लांब राहायचं, हा नियम सगळ्या डोंगरांत सारखा आहे.

मोबाईलचं एक. इथलं प्रीपेड सिम हिमाचल आणि उत्तराखंडात चालतं, जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, तिथं पोस्टपेड लागतं. वाटेवर रेंज नसतेच. आणि परदेशातल्या नातेवाइकानं सॅटेलाइट कम्युनिकेटर, म्हणजे उपग्रहावरून निरोप पाठवायचं यंत्र, पाठवला असेल तर तो घरीच ठेवा. परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं आपल्याकडं गुन्हा आहे.

उंचीचा हिशोब

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. सर पासच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६० टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला प्राणवायूही तेवढाच, ६० टक्केच मिळतो. शरीर जुळवून घेतं, पण त्याला रात्री लागतात. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. आयोजकाचं वेळापत्रक घ्या, मुक्कामांच्या उंच्या एकाखाली एक लिहा आणि वजाबाकी करा. एखादी उडी फार मोठी असेल तर विचारा. उत्तर पटलं नाही तर दुसरा आयोजक बघा.

डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं, झोप न लागणं ही सुरुवात. त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागते, खोकल्यातून फेस येतो, चालताना झोकांड्या जातात, बोलणं असंबद्ध होतं, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघत बसू नका. रात्र असली तरी त्या माणसाला खाली न्यायचं. जमिनीवर रेघ ओढून टाचेला बोट लावत चालायला सांगा. सरळ चालता आलं नाही तर आणखी पुरावा नको. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे इथं आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा, विशेषतः सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर बंद.

बर्फाचं घड्याळ

आता मुख्य गोष्ट. निरभ्र रात्री बर्फाच्या वरच्या थरातली उष्णता आकाशात निघून जाते आणि दिवसभर ओला झालेला थर पहाटेपर्यंत कडक गोठतो. त्यावर पाय ठेवला की करकर वाजतं, बुटाची कड जेमतेम बोटभर आत जाते आणि अंगाचं वजन तो थर पेलतो. ही वेळ चालायची. म्हणून सर पासच्या आधीच्या नगारू मुक्कामावरून पहाटेच, अंधारात निघतात.

सूर्य वर आला की आधी वरचा एक-दोन इंचांचा थर सैल होतो. बर्फ जाड साखरेसारखा दाणेदार दिसायला लागतो. ही अर्ध्या-एक तासाची वेळ उतरायला फार छान, टाच नीट बसते. त्यानंतर मात्र थर आतपर्यंत मऊ होत जातो. साधारण दहा-अकराच्या सुमारास पाय घोट्यापर्यंत, मग नडगीपर्यंत, मग अचानक मांडीपर्यंत जायला लागतो. एक पाय आत, दुसरा गुडघ्यावर, पाठीवर दहा किलो, काढलेला पाय पुढच्या पावलाला परत आत. तासाला एक किलोमीटरही सरकत नाही आणि दम सगळा तिथंच संपतो. पूर्वेकडचे उतार आधी मऊ होतात, उत्तरेकडचे उशिरा. गाईड वाट वळवून सावलीतून नेत असेल तर कुरकुर करू नका.

यातून उलट गणित मांडायचं. बर्फाचा शेवटचा उतार दहाच्या आत पार व्हायला हवा. खिंडीत आठ-नऊला पोचायचं असेल आणि चढाला चार तास लागत असतील तर चार-साडेचारला पाऊल बाहेर पडलं पाहिजे. म्हणजे अडीचला उठणं, तीनला चहा, बूट-गेटर चढवायला अर्धा तास. हो, अर्धा तास. गारठलेल्या बोटांनी अंधारात गेटरची बक्कलं लावून बघा. घरी दिवे घालवून, हातमोजे घालून हा सराव करायला हरकत नाही, घरचे हसले तरी.

एक अपवाद लक्षात असू द्या. रात्री ढग असतील तर उष्णता अडकते आणि बर्फ गोठत नाही. पहाटे तंबूबाहेर आलात आणि पहिल्याच पावलाला पाय रुतला, तर घड्याळात काहीही वाजले असले तरी बर्फाची दुपार झालेली आहे. अशा दिवशी उभे उतार ओलांडायचे नाहीत.

पाऊल कसं टाकायचं

चढताना पुढचा माणूस बुटाचं टोक बर्फात ठोकून पायरी करतो. मागच्यांनी त्याच पायरीत पाय ठेवायचा, नवी करायची नाही. पाय ठेवला की क्षणभर थांबून वजन हळू टाका. झटका दिला की पायरी मोडते. पायऱ्या करणारा लवकर थकतो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी पुढचा माणूस बदला. आडव्या उतारावर बुटाची डोंगराकडची कड रोवायची आणि अंग सरळ ठेवायचं. घाबरलेला माणूस डोंगराला टेकायला बघतो. तसं टेकलं की पाय बाहेर सरकतात. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर उतरलेल्यांना हे सांगावं लागत नाही, पण पहिल्या बर्फावर तेही विसरतात.

उतरताना आपली सवय उलटी पडते. जांभ्याच्या ओल्या वाटेवर आपण चवड्यावर, जपून उतरतो. बर्फावर तसं केलं की आपटलातच. इथं टाच आधी: गुडघा किंचित वाकलेला, टाच जोरात खाली, वजन पुढं. भीती वाटते, पण टाच रुतली की तीच धरते.

घसरलात तर पालथे व्हा, डोकं वर आणि पाय खाली येऊ द्या, आणि कोपर, गुडघे, बुटांची टोकं बर्फात दाबा. पहिल्या दोन सेकंदांत वेग कमी असतो, तेव्हाच थांबता येतं. गाईडला सांगून पहिल्या दिवशी, खाली सपाट जागा असलेल्या छोट्या उतारावर हे चार-पाच वेळा करून बघा.

पोकळ बर्फ आणि नाले

हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यात फसवी जागा म्हणजे दगडाचा काठ. काळा खडक ऊन शोषतो आणि भोवतालचा बर्फ आतून वितळवतो. वरून अखंड पांढरं दिसतं, आत कमरेइतकी पोकळी. दगड दिसला की त्यावर पाय टाकावा, हा आपला स्वभाव. बर्फात दगडापासून, झाडाच्या बुंध्यापासून आणि बर्फातून डोकावणाऱ्या झुडपांपासून दोन हात लांब राहायचं. जवळून जावंच लागलं तर आधी काठी टोचून बघा. पाय अडकलाच तर जोरानं ओढू नका. गुडघा पिरगळतो, नाहीतर बूट आत राहून मोजा बाहेर येतो. बसा, बुटाभोवतीचा बर्फ हातानं उकरा, मग काढा.

नाल्यावरचे बर्फाचे पूल हा याचाच मोठा प्रकार. खालून पाणी वाहत असतं आणि पूल खालूनच झिजत असतो. पाण्याचा आवाज बर्फाखालून येतोय, मध्ये खोलगट पट्टा दिसतोय, राखाडी रंग किंवा बारीक चीर दिसतेय, अशा पुलावर जायचं नाही. जायचं तर पहाटे, एकेक करून, पाठपिशवीचा कमरपट्टा सोडून, म्हणजे पाण्यात पडलात तरी पिशवी झटकून टाकता येते. उघडे नालेही सकाळीच ओलांडा. वरचा बर्फ दुपारभर वितळतो आणि ते पाणी संध्याकाळपर्यंत खाली पोचतं. सकाळी घोटाभर असलेला नाला संध्याकाळी मांडीला लागतो.

उभे उतार आणि घसरगुंडी

हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं. मोबाईलमधलं कोन मोजायचं ॲप काठीवर ठेवून उताराचा अंदाज घेता येतो. वरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागले, तर उतार तापलाय आणि सुटायच्या बेतात आहे असं समजा. घळीच्या तोंडाशी मातकट बर्फाचे ढेकळांचे ढीग पडलेले दिसले, तर तिथं आधी येऊन गेलंय आणि परत येऊ शकतं. अशी जागा एकेकट्यानं, अंतर ठेवून, न थांबता ओलांडायची. फोटो पलीकडं गेल्यावर. खिंडीच्या माथ्यावर वाऱ्यानं बर्फाचा छज्जा झालेला असतो. त्याच्या खाली काही नसतं. कडेला सेल्फी काढायला जाणाऱ्याला मागं ओढा, तो रागावला तरी चालेल.

सर पासवरून बसून घसरत उतरायची मजा सगळे सांगतात, आणि ती मजा खरीच आहे. पण बसायच्या आधी मायक्रोस्पाइक्स काढा. वेगात खिळा अडकला की घोटा मोडतो. काठ्यांचे पट्टे मनगटातून सोडवा आणि काठ्या पिशवीला बांधा. आणि शेवट डोळ्यांना दिसत नसेल, खाली दगड किंवा नाला असेल, तर कितीही माणसं जाताना दिसली तरी चालत उतरा.

माघार

माघारीची वेळ आदल्या रात्री, तंबूत, डोकं शांत असताना ठरवायची. 'नऊ वाजेपर्यंत खिंडीत नसलो तर जिथं असू तिथून परत.' सकाळी वर टोक दिसत असताना ठरवायला बसलं की प्रत्येकाला 'अजून अर्धाच तास' वाटतं. गाईड परत म्हणाला की त्यावर मतदान नाही.

२०२४ च्या जूनमध्ये उत्तरकाशीतल्या सहस्त्रतालच्या वाटेवर कर्नाटकातल्या गटाला परतताना हिमवादळानं गाठलं आणि नऊ जणांचा जीव गेला. जून महिना होता, हे पुन्हा वाचा. वारा, ओले कपडे आणि थांबलेलं अंग एकत्र आलं की माणूस शून्याच्या वरच्या तापमानातही गारठून जातो. कुडकुडणं हे चांगलं लक्षण समजा. कुडकुडणारा माणूस अचानक शांत झाला, अडखळायला लागला, 'मला काही नको' म्हणायला लागला, तर त्याला वाऱ्याच्या आडोशाला न्या, ओलं काढून कोरडं घाला, शुद्धीवर असेल तर गरम गोड काहीतरी पाजा. बधिर पांढरी पडलेली बोटं चोळायची नाहीत, बर्फानं तर नाहीच नाही. काखेत किंवा दुसऱ्याच्या पोटाशी धरून हळू गरम करायची.

दुपारी तंबूत पोचल्यावर

पहाटे निघालात तर दुपारी बारा-एकलाच मुक्कामावर असता आणि समोर अख्खा दिवस मोकळा असतो. लगेच झोपू नका, रात्री झोप येत नाही आणि डोकं चढतं. आधी अंगातला ओला थर बदला, थंडी वाजायच्या आत. मग पाणी. दिवसाला तीन-चार लिटर जायला हवं आणि तहान लागत नाही, म्हणून मोजून प्या. बर्फ चोखू नका, अंगातली ऊब जाते.

बुटातली आतली तळवी काढून वेगळी वाळवा. बूट शेगडीजवळ ठेवला तर तळ सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा आणि तासाभरानं बदला. रात्री बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी, आतच. बाहेर राहिले तर पहाटे लाकूड झालेले असतात आणि त्यात पाय जात नाही. ओले मोजे पोटाशी धरून झोपलं की सकाळपर्यंत बऱ्यापैकी वाळतात. मोबाईल, पॉवर बँक आणि हेडलॅम्पच्या बॅटऱ्याही आतच घ्या, थंडीत त्या भराभर उतरतात. पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळं बर्फ बुडाशी धरतो आणि झाकणाकडचं पाणी मोकळं राहतं. गरम पाणी भरून, झाकण घट्ट बसलंय ना ते दोनदा बघून, बाटली मोज्यात घालून पायाशी घेतली तर आणखी बरं. अडीचचा गजर दोघांच्या मोबाईलवर लावा.